वानगीच्या खोलीतील कचेरी

पुण्याहून सांगलीस निघालेला प्रवासी सातारा आणि कऱ्हाड मागे टाकून पेठ नाक्यापाशी महामार्ग सोडतो, आणि तेथून पुढचा रस्ता उसाच्या दोन भिंतींमधून जाऊ लागतो. मार्गशीर्षात गेलात तर पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे डुलणाऱ्या दोन ट्रॉल्या ठरलेल्याच. त्यांना ओलांडण्याची घाई करू नये. आष्टा गेले की हवेत कृष्णेचा ओलावा जाणवतो आणि थोड्याच वेळात आयर्विन पूल येतो. १९२९ साली बांधलेल्या या दगडी पुलाने पिढ्यान्‌पिढ्यांची वाहतूक पाहिली. पावसाळ्यात सारी सांगली याच पुलाच्या पाणीपातळीचे आकडे विचारीत असते. पूल ओलांडला की गणपतीचे मंदिर, आणि मंदिरापासून हाकेच्या अंतरावर गणपती पेठ.

या पेठेत जुन्या व्यापारी सांगलीची बांधणी अजून पाहावयास मिळते. खाली पेढी, पेढीमागे गोदाम आणि वरच्या मजल्यावर संसार. मालक जिना उतरला की कामावर, चढला की घरी. जेवणाच्या ताटावर बसलेल्या माणसाला खालून हाक यायची आणि तो हात धुऊन भाव सांगावयास खाली जायचा. करोनाच्या काळात जगाने घरून काम करण्याचा शोध लावला, असे कोणी या पेठेत सांगितले तर ऐकणाऱ्याला हसू येईल. तीन पिढ्या त्यांनी दुसरे काही केलेच नाही. त्या व्यवस्थेचे सुख त्यांना ठाऊक आहे आणि जाचही ठाऊक आहे. घरात असूनही घरात नसलेला बाप येथील प्रत्येक मुलाने पाहिलेला आहे.

हळदीचा मुख्य व्यापार केव्हाच वसंतदादा मार्केट यार्डात गेला. पेठेत किराणा, सुकामेवा, मसाले यांची घाऊक दुकाने राहिली. भिंतींवर पुराच्या खुणा आहेत. २००५ चे पाणी कोठवर, २०१९ चे कोठवर, २०२१ चे कोठवर, हे दुकानदार हात उंच करून दाखवितात. त्या पुरांत ज्यांच्या चोपड्या आणि संगणक वेळीच वरच्या मजल्यावर गेले, त्यांचा व्यापार पुन्हा लवकर उभा राहिला.

अशाच एका घरी मी चार दिवस राहिलो. माझे थोरले मावसभाऊ, ज्यांना सारा बाजार अप्पा म्हणून ओळखतो, आता पंचाहत्तरीला टेकले आहेत. पेढी थोरला मुलगा पाहतो. धाकटा संगणक अभियंता. बारा वर्षे हिंजवडीत काढून २०२० च्या मार्चमध्ये दोन बॅगा घेऊन ‘एकवीस दिवसांसाठी’ आला, तो अद्याप येथेच आहे. त्याची पत्नी बंगळूरच्या एका कंपनीत हिशेबतपासणीचे काम करते, तेही घरूनच. थोरल्याची मुलगी वालचंद महाविद्यालयातून नुकतीच अभियंता झाली आहे. १९४७ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाला पुढे वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले, हे आपल्या बहुतेक वाचकांस माहीत असेल. सोलापूरच्या व्यापारी घरातून निघून जहाजबांधणीपर्यंत गेलेल्या माणसाचे नाव ज्या संस्थेला आहे, तेथून दरवर्षी मुले पदवी घेतात आणि बहुतेक सांगली सोडून जातात. जाण्याचा हा नियम गेल्या काही वर्षांत प्रथमच थोडा सैल झाला.

धाकट्याची कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे. पूर्वी त्या खोलीत वानगी ठेवीत, म्हणजे सौद्याआधी दाखवावयाच्या हळकुंडांच्या आणि गड्ड्यांच्या लहान थैल्या. खोलीचा रंग दोनदा बदलला, पण भिंतीला नाक लावले तर हळदीचा वास अजून येतो. आता तेथे दोन पडदे, एक फिरती खुर्ची, खिडकीत राउटर आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर आहे. इंटरनेटच्या जोडण्या दोन, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक गेली तर दुसरी. जिन्याच्या तोंडाशी नातवाने पाटी लावली आहे: ‘बाबांची मीटिंग चालू आहे.’ पाटी उलटवली की ‘या.’

त्याचे ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. तेथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे तासभर मागे गेली की साडेआठ. हिंजवडीत असताना तो सहा-साडेसहाला कार्यालयाची बस धरायचा, नऊला खोलीवर पोहोचायचा आणि मग जेवायचा. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा घरचा नेम पहिल्या वर्षातच मोडला. उपाहारगृहात कांदा, लसूण, बटाटा वगळले तर ताटात उरणारे पदार्थ मोजके. पर्युषणात तो डबा करून नेई आणि दुपारी चारलाच संपवी. आता मार्गशीर्षात सहाच्या सुमारास दिवस मावळण्यापूर्वी सगळे घर एका पंक्तीला बसते, आणि साडेआठला तो ताजातवाना वर जातो. अप्पांच्या दृष्टीने या संपूर्ण क्रांतीचा हा सर्वांत मोठा लाभ. ते म्हणाले, “पगार किती वाढला हे मी विचारीत नाही. बारा वर्षांनी पोरगं उजेडात जेवायला लागलं.”

लाभाच्या बाजूला आणखीही बरेच आहे. वाकडच्या पुलावर आणि भूमकर चौकात जाणारे दिवसाचे दोन-अडीच तास वाचले. भाडे वाचले. मागील वर्षी अप्पांना रात्री छातीत कळ आली, तेव्हा दवाखान्यात नेणारा मुलगा घरातच होता. याला किंमत लावता येत नाही, म्हणून कोणत्याही कंपनीच्या हिशेबात ते धरले जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी मला हरिपूरला नेले. सांगलीपासून चार-पाच किलोमीटरवर, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव. संगमेश्वराचे देऊळ आणि घाट पाहण्यासारखे आहेत. परंतु अप्पांना मला पेवे दाखवावयाची होती. हरिपूरची जमीन अशी चिवट आणि घट्ट की, तिच्यात खोल खड्डा खणला तरी कडा ढासळत नाहीत. वर अरुंद तोंड आणि खाली पोट मोठे, असे हे जमिनीतील कोठार. आतून गवत, पाला, चटया यांचे अस्तर लावून हळद भरावयाची, तोंड बंद करून वर माती लोटावयाची. वर्षानुवर्षे हळद आत राही. तिला कीड लागत नसे. पेव उघडले की तत्काळ कोणी आत उतरत नसे, कारण आतली हवा जीव घेई. बराच वेळ तोंड उघडे ठेवून, दिवा सोडून पाहून मगच माणूस उतरे. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि असंख्य पेवे निकामी झाली. आता शीतगृहे आहेत. बुजलेल्या पेवांच्या जागी गवताने झाकलेले खळगे दिसतात, एवढेच.

अप्पा तेथे उभे राहून सांगत होते. माल हरिपूरच्या मातीत, मालक सांगलीच्या गादीवर, घेणारा मुंबईत. कोणीही माल रोज पाहत नसे. सौदा चिठ्ठीवर आणि शब्दावर होई. त्यांच्या वडिलांच्या वतीने मुंबईत एक दिवाणजी बसत. ते रोज एक पत्र टाकीत, त्यात त्या दिवशीचा भाव, विक्री, येणे, देणे. वर्षातून दोनदा प्रत्यक्ष भेट. “आता वर बसून तो जे करतो ते हेच,” अप्पा म्हणाले, “फक्त पत्र रोज एक नाही, दर पाच मिनिटांनी एक.”

मी विचारले, “तुमच्या वडिलांचा त्या दिवाणजींवर इतका विश्वास कसा?”

“मुंबईला पाठविण्याआधी ते नऊ वर्षे आमच्या गादीला टेकून बसले होते.”

माझ्या सांगलीच्या चार दिवसांतील हे सर्वांत उपयोगी वाक्य. कारण दूरस्थ कामावर जगभर जे अभ्यास झाले, त्यांचे निष्कर्ष या वाक्याच्या आसपासच फिरतात.

त्यांपैकी सर्वांत गाजलेला अभ्यास चीनमधला आहे. सीट्रिप या प्रवास-आरक्षण कंपनीच्या दूरध्वनी केंद्रात स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांवर नऊ महिने प्रयोग केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. येथवरचा भाग सर्वत्र सांगितला जातो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. कामगिरी सारखीच धरली तर घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर पुन्हा निवड करावयास सांगितली, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक कार्यालयात परतले. एकटेपणा हे त्याचे मुख्य कारण. आणखी एक लहानशी अट होती, जी व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटू नये: प्रयोगात त्यांनाच घेतले होते, ज्यांना कंपनीत किमान सहा महिने झाले होते आणि ज्यांच्या घरी कामासाठी स्वतंत्र खोली होती.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला, चेन्नईचा. संगणकावर माहिती भरण्याच्या कामासाठी नव्याने घेतलेल्या लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून काहींना घरून, काहींना कार्यालयातून काम दिले. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी निघाली. त्यातील दोन-तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला. उरलेला पुढे वाढत गेला, कारण कार्यालयात बसणारे लवकर शिकत होते. याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, ज्यांनी आपण होऊन घर पसंत केले होते, त्यांचीच घसरण घरी अधिक झाली. घर मागणारा आळशी होता म्हणून नव्हे. ज्याच्यावर घरचा भार जास्त, तोच घरून काम मागतो, आणि तो भार कामाच्या वेळी खांद्यावरून उतरत नाही.

चीन आणि चेन्नई यांत विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. सीट्रिपची माणसे काम शिकून घरी गेली. चेन्नईची माणसे घरीच शिकू पाहत होती. आपल्या बोलीत सांगावयाचे तर एकांनी गादीला टेकून दिवस काढले होते, दुसऱ्यांना गादी दिसलीच नाही.

धाकट्याने तिसऱ्या मजल्याचे दुसरे रूप मला एका रात्री दाखविले. साडेअकराला बैठक संपली; तो खाली आला आणि पाण्याचा पेला घेऊन ओट्याशीच उभा राहिला. बारा वर्षांत जोडलेली माणसे त्याच्या उपयोगी पडतात, म्हणून त्याचे चालते. “पण मी गेल्यानंतर आलेल्यांना मी फक्त आवाज आहे,” तो म्हणाला. मागच्या वर्षी एक बढती झाली. त्याच्याइतकेच काम करणारा, पण रोज कार्यालयात दिसणारा सहकारी पुढे गेला. तक्रार करावी असे त्यात काही नव्हते. कोणी अन्याय केला असेही तो म्हणत नव्हता. नाव सुचविताना डोळ्यांसमोर कोण येतो, एवढाच प्रश्न.

खर्चाची बाजू मी अप्पांच्या थोरल्या मुलाबरोबर काढली, कारण त्याला आकडेमोड आवडते. वीज, इन्व्हर्टरची बॅटरी, इंटरनेटच्या दोन जोडण्या, खुर्ची, वातानुकूलन आणि सर्वांत मोठी बाब म्हणजे एक संपूर्ण खोली. पेढीची जागा भाड्याने दिली असती तर त्या खोलीचेही काही आले असते. हे सगळे आजवर कंपनीच्या खर्चात होते, आता कुटुंबाच्या खर्चात आले. पुण्यात वाचलेले भाडे त्यातून वजा केले तरी धाकट्याचा हिशेब फायद्याचाच निघाला. परंतु ज्यांना पुण्यातच राहून दोन खोल्यांच्या घरातील एक खोली कामाला द्यावी लागते, त्यांचा तसा निघणार नाही. पोर्तुगालने १ जानेवारी २०२२ पासून कायदाच केला: घरून काम करणाऱ्याचा वाढीव खर्च मालकाने सोसावा आणि कामाचे तास संपल्यावर त्याला संपर्क करू नये. आपल्याकडे तसा कायदा नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर दूरध्वनी न घेण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. खासगी विधेयकांचे पुढे जे होते ते त्याचेही झाले. गणपती पेठेत या विधेयकाची गोष्ट मी सांगितली, तेव्हा थोरला हसून म्हणाला, “हा हक्क प्रथम आडत्यांना द्यावा.”

सूनबाईंचा हिशेब निराळा आहे आणि तो कोणी वहीवर मांडलेला नाही. तिचे टेबल दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. जिन्यावर पाटी तिच्या नवऱ्याच्या कामाची आहे, तिच्या कामाची नाही. दूधवाला, गॅसवाला, शाळेची रिक्षा, सासूबाईंची औषधाची वेळ, या सर्वांना ती घरी असल्याचे ठाऊक असते. तिला मी विचारले, तर ती म्हणाली, “काका, ऑफिसात होते तेव्हा मी दोन ठिकाणी काम करायचे. आता एकाच ठिकाणी दोन्ही करते. प्रवास वाचला, हे खरं.” मग थोडे थांबून तिने हेही सांगितले की, ही सोय नसती तर मुलाच्या जन्मानंतर तिची नोकरी सुटलीच असती. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल तर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची वाटही त्याच कायद्यात ठेवलेली आहे. आपल्या समाजातील किती सुनांना ही तरतूद ठाऊक असेल, याविषयी मला शंका आहे.

एवढ्यात वारे उलटे फिरू लागले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरसंचाराचे नियम शिथिल करून या क्षेत्राला कोठूनही काम करण्याची मोकळीक दिली. त्याच वर्षी टीसीएसने जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत एका वेळी जेमतेम २५ टक्के कर्मचाऱ्यांनाच कार्यालयात यावे लागेल. २०२३ मध्ये त्याच टीसीएसने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाच दिवस कार्यालयात बोलाविले. अॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून तेच केले. ज्यांच्या पडद्यावर जगाने घरून काम केले, त्या झूम कंपनीनेही २०२३ मध्ये कार्यालयाच्या ५० मैलांच्या आत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस येण्यास सांगितले. मला वाटते, यापुढे पूर्ण घर किंवा पूर्ण कार्यालय अशी सरसकट व्यवस्था फार ठिकाणी टिकणार नाही, वाटणी होईल. ब्लूम यांच्याच २०२४ च्या अभ्यासात, त्याच चिनी कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना बुधवार आणि शुक्रवार घरून काम करू दिले, त्यांचे नोकरी सोडण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले आणि बढतीत किंवा कामगिरीत काही उणे दिसले नाही.

पण आठवड्यातून तीन दिवस कार्यालय म्हणजे सांगलीच्या माणसाला सातही दिवस पुणे. अशी वाटणी वाकडमध्ये राहणाऱ्यासाठी केलेली असते. आणि धाकट्याला आलेले पत्र नेमके हेच होते: पुढील तिमाहीपासून मंगळवार ते गुरुवार कार्यालयात. मी तेथे असतानाच ते आले.

त्याच आठवड्यात नातीलाही पत्र आले होते. एका छोट्या कंपनीची नोकरी, पूर्णपणे घरून. आणि दुसरे, हिंजवडीतले, पगार महिना तीन हजारांनी कमी, रोज कार्यालयात जाण्याचे. घरात एकमत होते, किंवा तसे वाटत होते. मुलगी घरी राहील, पगार जास्त, जेवणाचा नेम सांभाळला जाईल, स्थळे पाहण्यास सोपे. तिची आई तर वानगीच्या खोलीत दुसरे टेबल कोठे मावेल ते पाहूनही आली होती. मुलगी गप्प होती.

अप्पा म्हणाले, “हिला हिंजवडीला पाठवा.”

सून चकित झाली. “अप्पा, तुम्हीच म्हणता ना, पोरगं उजेडात जेवायला लागलं?”

“तो बारा वर्षं शिकून आला. ही आज वर जाऊन बसली तर शिकणार कोणाकडून? माझ्या दुकानात नवा पोरगा आला तर मी त्याला घरी बसवून हळद ओळखायला शिकवीन का? हातात हळकुंड मोडून दाखवावं लागतं.”

यावर बराच वाद झाला. सुरक्षितता, खोली, सोबत, खर्च. तो सगळा येथे देत नाही. प्रत्येक घरात तो सारखाच होतो. परंतु एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. आपल्या घरांत ‘घरून काम’ ही मुलींसाठी फार लवकर स्वीकारली गेलेली सोय आहे, आणि तिच्या लवकर स्वीकारले जाण्यात आपल्याच सोयीचा भाग मोठा आहे. मुलाच्या बाबतीत आपण विचारतो, तेथे शिकावयास काय मिळेल, वरिष्ठ कोण आहेत. मुलीच्या बाबतीत विचारतो, किती वाजता घरी येशील. पदवी घेतलेल्या मुलीला नोकरी करू दिली, हे समाधान आणि ती उंबऱ्याच्या आत राहिली, हेही समाधान. दोन्ही एका पगारात मिळतात. पण चेन्नईच्या अभ्यासाने मोजलेली ती शिकण्यातली मागासलेली गती अशाच मुलींच्या वाट्याला येते, आणि पाच वर्षांनी बाजार त्यांचे मोल त्या गतीने ठरवितो. आणखी एक बाब व्यापाऱ्यास वेगळी सांगावयास नको. सांगलीच्या घरात बसून जे काम पूर्णपणे करता येते, ते उद्या याहून स्वस्त गावातील माणूसही करू शकतो, आणि परवा यंत्र. टिकतो तो, ज्याला ग्राहकाची अडचण न सांगता समजते, आणि ती समज शेजारी बसूनच येते.

नातीला मी एकटीला विचारले. ती म्हणाली, “काकाआजोबा, मला कोणी विचारलंच नव्हतं म्हणून मी बोलले नाही. मला जायचं आहे.”

धाकट्याचा निर्णय याच्या उलट झाला. तो, अप्पा आणि थोरला अशा तिघांनी बसून उत्तराचा मसुदा केला. असा मसुदा व्यापारीच करू शकतात. राजीनाम्याची भाषा नाही, विनवणीही नाही. दर महिन्याला सलग सहा दिवस पुण्यात येईन, स्वखर्चाने. नव्याने आलेल्या तीन अभियंत्यांना त्या सहा दिवसांत माझ्याजवळ बसवावे, त्यांचे काम मी तपासीन. रात्री अकरानंतरच्या बैठका आठवड्यातून दोनपेक्षा जास्त नकोत. बढतीच्या वेळी माझे काम वर्षाच्या नोंदींवरून पाहावे, आणि त्या नोंदी मी दरमहा पाठवीन. पगारात कपात सुचवाल तर किती, हे लेखी कळवावे. शेवटचे वाक्य अप्पांचे. कंपनी मान्य करील किंवा करणार नाही. मान्य न केल्यास तो दुसरीकडे पाहील, परंतु सांगली सोडणार नाही, असे त्याने आधीच ठरविले होते. वडिलांचे वय आणि मुलाची शाळा यांपुढे एक बढती त्याने सोडून दिली होती. छत्तिसाव्या वर्षी आपले माप आपण घेतलेल्या माणसाचा तो निर्णय होता आणि मला तो पटला.

परतीच्या प्रवासात नात माझ्याबरोबर होती, सोबत तिचे वडील. मी त्यांच्यासोबत हिंजवडीपर्यंत गेलो. राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचे तिन्ही टप्पे पाहणे म्हणजे एक वेगळेच पर्यटन. काचेच्या इमारती, त्यांना लगटून उभे मेट्रोचे खांब, खांबांखाली चहाच्या टपऱ्या, आणि माण गावाच्या शेतांच्या उरलेल्या तुकड्यांत म्हशी. माण ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली होती. २०२० आणि २०२१ मध्ये हे रस्ते ओस होते. मुलींच्या वसतिगृहाच्या मालकीणबाईंनी ते दिवस सांगितले: चाळीस खाटांपैकी तीन भरलेल्या, डबे पुरविणाऱ्या दोन बायका गावी गेल्या, त्या परतल्याच नाहीत. घरून काम करणाऱ्याचे जे वाचते, ते कोणाच्या तरी मिळकतीतून जाते. सांगली-कोल्हापूरच्या ज्या कुटुंबांनी वाकडला भाड्यासाठी सदनिका घेऊन ठेवल्या, त्यांनीही ते दोन वर्षे अनुभवले.

खोलीत तीन खाटा. एक लातूरची, एक नाशिकची, तिसरी हिची. थोरल्याने खिडकीची कडी तपासली, मालकीणबाईंना आगाऊ रक्कम दिली, पावती मागून घेतली. जेवणाचे त्याने स्वतः विचारले. संध्याकाळचा डबा साडेपाचला मिळेल का, कंदमूळ नको. बाई म्हणाल्या, आणखी दोन मुली तशा आहेत, तिघींचा एकत्र पाठवीन. पण सोमवारपासून, आणि महिन्याचे दोनशे जास्त पडतील.

थोरल्याने दीडशे म्हटले. पावणेदोनशेवर ठरले.